सुपातल्या बिड्या कोणी मोडल्या

शेवंता गेल्याची बातमी मला नळावर कळली. म्हणजे कामठी रोडवरच्या चहाच्या टपरीला कळल्यावर, युनियनच्या कचेरीला कळल्यावर, विहाराच्या गेटावर फळा लागल्यावर आणि आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांना कळल्यावर, मग मला. मी तिची सख्खी जाऊ. वीस-बावीस वर्षं एका छपराखाली काढलेली, एका चुलीवरची भाकर तिच्यासोबत खाल्लेली... आणि मी बादली घेऊन रांगेत उभी, तर पुढची बाई डोळ्याला पदर लावून म्हणते, "ताई गेली नं वं आपली, कौसल्याबाई!" मी म्हटलं, "कोणाची ताई? आमची शेवंता तर सकाळीच मौद्याले गेली, सभेले." ती बाई माझ्याकडे पाहतच राहिली. मग कोणीतरी माझी बादली भरून दिली. मौद्याला बिडीवाल्या बायकांची बैठक सुरू व्हायची होती. शेवंता चहाचा कप हातात घेऊन बसली आणि बसल्या जागी तिनं मान टाकली. तिथून फोन आला तो कचेरीत. आमच्या घरी फोन नाही हे खरं, पण कचेरीपासून घर काही कलकत्त्याला नाही. आधी घरी सांगावं असं कोणाला वाटलं नाही. वाटेल कसं? तिचं घर म्हणजे सारी वस्ती, हे साऱ्या वस्तीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मला तेव्हा रडू आलं नाही. रागच आला. मेल्यावरही ही बाई माझ्या वाट्याला सर्वांत शेवटी आली.

त्याला आता काही आठवडे झाले. या दिवसांत तिच्यावर पुष्कळ लिहून आलं. कोणी तिला रणरागिणी म्हटलं, कोणी कष्टकऱ्यांची माउली म्हटलं. मी वाचलं आणि म्हटलं, बाप्पा, ही कोण? मग पुरवणीवाल्यांचा माणूस घरी आला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही घरातल्या आठवणी लिहा. ताईंना काय आवडायचं, त्या स्वयंपाक कसा करायच्या, असं काही." अरे देवा! स्वयंपाक मी करायची, ती खायची. पण सातवीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं, म्हणून म्हटलं लिहीन. आता जे लिहीन ते छापायची हिंमत त्यांनी ठेवावी.

माझं लग्न दीक्षेच्या आधीचं. हळद, बाशिंग, देवक, वरातीत रुसलेला मामा, सगळं यथासांग झालेलं. पुढं दीक्षा झाली, सासूबाईंनी देव टोपलीत भरले आणि नदीला सोडून आल्या. त्यानंतर काही वर्षांनी, साठ सालानंतर, धाकट्या दिराशी लग्न होऊन शेवंता आली. पांढरं लुगडं, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील, अर्ध्या तासात लग्न. हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज नाही. वस्तीतली माणसं म्हणायची, लग्न असावं तर असं. मी ओट्यावर उभी राहून ऐकत होते. म्हटलं, मग मी काय जुन्या बाजारातून आणलेली? तिथून जे सुरू झालं ते सुरूच झालं. लोक म्हणतात जावाजावांचं पटत नाही. आमचं पटायचं हो. पण पटणं वेगळं आणि हेवा वेगळा. हेवा पटणाऱ्या माणसाचाच जास्त वाटतो. दूरच्या माणसाचा करून काय करायचं?

आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. सासूबाई भाकरी थापत होत्या आणि शेवंतानं आतून हाक मारली, "वामन, पाण्याची बादली आण नं जरा!" सासूबाईंच्या हातातली भाकर हातातच राहिली. "अवं, नवऱ्याचं नाव घेते?" तर ही म्हणते कशी, "त्याचंच आहे नं आई, चोरीचं थोडीच आहे!" हे मी विसरून गेले असते. नवी पोर आहे, जीभ सैल आहे, असं म्हटलं असतं. पण वामन उठला. उठून बादली आणली. ते मला झोंबलं. आमचे हे आजवर माझ्या हाकेनं उठलेले नाहीत, आणि मीही ह्यांचं नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. या लेखातही लिहिणार नाही. हातच वळत नाही.

घरात आम्ही तिघी बिड्या वळायचो. आमच्या भागात त्या काळी घरोघर तेच काम. ठेकेदाराकडून पानं, तंबाखू, सूत आणायचं, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचं आणि दिवस कलताना माल नेऊन द्यायचा. ठेकेदाराची मोठी ओसरी होती. कोष्ट्यांच्या घरच्या बायका ओसरीवर बसायच्या, कारण त्यांचे हातमाग बसत चालले होते आणि त्याही बिड्यांकडे वळल्या होत्या. आम्ही खाली, मातीत. सूप पायरीच्या दगडावर ठेवायचं आणि मागं सरायचं, मग ठेकेदाराचा मुन्शी ते ओढून घ्यायचा. आमच्या हातची बिडी साऱ्या जगानं ओठाला लावली, तिला विटाळ नव्हता. आमचा पदर ओसरीला लागला की विटाळ! आणि मग मुन्शी सुपात हात घालायचा. ही सैल आहे, हिचं तोंड नीट नाही, असं म्हणत मूठ-दोन मुठी बाजूला काढायचा. तिला म्हणायचे छाट. छाटीची मजुरी नाही. पण ती छाट परतही मिळायची नाही. ती आतल्या गोणीत जायची आणि चांगल्या बिड्यांत मिसळून बाजारात. म्हणजे मजुरीपुरती वाईट, विकायला चांगली.

हे आम्हाला सर्वांनाच दिसत होतं, पण ते बोलून दाखवलं शेवंतानं, हे मात्र मी मान्य करते. ती ओसरीवरच्या कोष्टी बायकांच्या घरी गेली, तिथं दारात बसून बोलली. "तुमची छाट निघते का नाही?" निघते. "परत भेटते?" नाही. "मग वर बसून काय फायदा झाला वं तुमचा?" त्या बायका हसल्या आणि त्यांनी तिला पाणी दिलं. आमच्या वस्तीतली काही माणसं चिडली. म्हणाली, आधी ओसरीचा मान, मग छाट. शेवंता म्हणाली, "आधी छाट. एका कामात एक झालो का ओसरी आपोआप येते." ठरलं असं की, मुन्शीनं छाट काढली की म्हणायचं, आमच्या समोर मोड. तो मोडत नसेल तर आपण उचलून मोडायची. फक्त छाट. चांगल्या बिडीला धक्का लावायचा नाही, म्हणजे आपल्यावर बोट येत नाही. हे तिनं घरोघर जाऊन समजावलं होतं. मला तर चुलीपाशी बसून पुन्हा पुन्हा समजावलं, जशी काही मी बालवाडीतली पोट्टी.

माझा हात सर्वांत जलद, म्हणून रांगेत पहिली मी. मुन्शीनं मूठ भरून छाट काढली. मी म्हटलं, "मोडा." त्यानं ऐकलंच नाही. पायानं, हो, पायानं माझं सूप बाजूला सारलं आणि म्हणाला, "हो वं बाजूला." आणि नेमकं त्याच वेळी मागून शेवंता हळूच म्हणाली, "जाऊबाई, घाबरू नका." आता खरं सांगू? मुन्शीच्या पायापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. मी घाबरते? मी? मी सूप उचललं, दगडावर उपडं केलं आणि दोन्ही हातांनी बिड्या मोडायला लागले. छाट नाही, चांगल्या. साऱ्या. दिवसभराच्या माझ्या स्वतःच्या हातच्या, घट्ट, सारख्या तोंडाच्या बिड्या, काडकाड काडकाड. पायरीभर तंबाखू झाला. मुन्शी शिंकत आत पळाला. शेवंता माझा दंड ओढत होती, "अवं काय करून राहिली, चांगल्या आहेत नं त्या!" मला थांबवेना. ठरल्याच्या पार उलट झालं होतं, सारा बेत मी मातीत घातला होता, हे कळत होतं. पण तसं सुख मला आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. लेकरं झाली तेव्हासुद्धा नाही, आता काय म्हणायचं ते म्हणा.

ठेकेदार बाहेर आला. लालबुंद. "कोणी मोडला माल?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेवंता माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी." माझे हात कोपरापर्यंत तंबाखूनं माखलेले, तिचे स्वच्छ. पण आमचे हात बघतो कोण? त्या माणसाला काय नि मुन्शीला काय, आमचे चेहरेसुद्धा वेगवेगळे ओळखू येत नव्हते. पोलीस आले, तिला घेऊन गेले. मागं उभ्या बायकांना धड दिसलं नाही. ज्या दोघी-तिघींना दिसलं त्या गप्प बसल्या, आणि ते बरोबरच होतं.

मग पुढचं सारं वस्तीला पाठ आहे. तिला अटक झाली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणीच माल नेला नाही. कोष्टी बायकांनीही नाही. ठेकेदाराची पानं वाळून चालली. शेवटी छाट बायकांसमोर मोडायचं त्यानं कबूल केलं आणि पुढच्या पावसाळ्यात ओसरीही उघडली. ती सुटून आली तेव्हा वाजतगाजत आणली. महाल भागातल्या वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. गळ्यात हार, वर केलेली मूठ. आणि ओसरीवर आमच्यातली पहिली कोण बसली? शेवंता. मी दुसरी.

त्या दिवशी सारे गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात धरलं. "काहून म्हटलं तू, मी मोडल्या म्हणून?" ती म्हणाली, "तुले तीन लेकरं आहेत. धाकटं अंगावर पिते. मले कोण आहे? वामन भात रांधून खाईन." मी म्हटलं, "लेकरं माझी, बिड्या माझ्या, हात माझे. मले विचारलं काय?" ती म्हणाली, "येळ होता काय विचारायले?" वेळ नव्हता. खरंच नव्हता. हा तिचा त्याग होता, हे मला कळत नाही असं समजू नका. तिचं काम कायमचं तुटलं, एकाही ठेकेदारानं पुन्हा तिला पानं दिली नाहीत. पण माझंही ऐका. माझं लग्न बापानं ठरवलं. देव कोणते पुजायचे आणि कधी सोडायचे ते सासूनं ठरवलं. लेकरं किती, ते ह्यांनी. साऱ्या जन्मात एक गोष्ट माझ्या मनानं, माझ्या हातानं झाली, आणि ती माझ्याच घरातल्या बाईनं माझ्या भल्यासाठी उचलून नेली. समतेची बाई म्हणे! समता म्हणजे काय, तर माझ्या गुन्ह्याची शिक्षाही मलाच मिळाली पाहिजे. मी असं बोलले की ती हसायची आणि म्हणायची, "जाऊबाई, तुम्हीच भाषणाले चाला आता."

पण भाषणाला ती गेली. काम तुटलं म्हणून युनियनची झाली. कामठी, उमरेड, मौदा, कुठं कुठं. मी घरी. बैठका आमच्या अंगणात व्हायच्या. आत समतेवर बोलणं चालायचं आणि बाहेर कप मी विसळायची. एकदा तिच्या ते ध्यानात आलं. तिनं चालू बैठक थांबवली आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांना म्हटलं, आपापला कप आपण धुवा. धुतले बापड्यांनी. मला बरं वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं? दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीत एकच, शेवंताताईनं पुढाऱ्यांना कप धुवायला लावले! कप वर्षानुवर्षं धुतले मी, आणि एका दिवसात नाव झालं तिचं. माझ्या मोठ्या पोरीला शाळेत विचारलं, कोण होणार, तर ती म्हणाली, काकूसारखी. घरी येऊन मला हौसेनं सांगितलं. मी तिची वेणी घालत होते, जरा जोरात ओढली गेली.

आणि बिड्यांची गोष्ट तर वाढतच गेली. आधी सूपभर होत्या, मग पोतंभर झाल्या. एका सभेत शेवंता स्वतः म्हणाली, "त्या बिड्या मी नाही मोडल्या, माझ्या जावेनं मोडल्या." मी समोरच बसले होते, पदर सावरून ताठ झाले. तर काय, टाळ्यांचा कडकडाट! अध्यक्ष उठून म्हणाले, पाहा, याला म्हणतात मनाचा मोठेपणा, स्वतःचं श्रेय दुसऱ्याला देतात. शेवंतानं माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. घरी येईपर्यंत आम्ही दोघी रस्त्यानं हसत होतो. घरी आल्यावर मात्र मी जेवले नाही.

शोकसभा विहाराच्या पटांगणात झाली. मला पुढं बसवलं, वामनच्या बाजूला. भाषणं सुरू झाली आणि बिड्या आल्याच. त्या दिवशी पायरीपाशी उभी असलेली जनाबाई, जिनं सारं डोळ्यांनी पाहिलं होतं, तीच माइकवर म्हणाली, "म्या या डोयानं पाह्यलं, शेवंतानं एकेक बिडी मोडली." खोटं बोलत नव्हती ती. इतक्यांदा ऐकलं, इतक्यांदा सांगितलं, तिला आता तेच आठवतं. मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठले आणि म्हटलं, "त्या बिड्या मी मोडल्या." मग कोणीतरी हळूच माझ्या खांद्याला धरलं, पाण्याचा ग्लास दिला. "वहिनी, बसा. धक्का बसला आहे त्यांना." शेवंतानं खरं सांगितलं तर तिचा मोठेपणा, मी खरं सांगितलं तर माझं डोकं फिरलं! मी वामनकडे पाहिलं. तो रडत होता, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. तेव्हा मला कळलं काय झालं ते. त्या दिवशी माझे माखलेले हात ज्या एका माणसाच्या पक्के ध्यानात होते, ते माणूस गेलं. आता मी ती गोष्ट कोणालाही सांगितली तरी ती माझी होत नाही. तिच्यावर जळायलासुद्धा तीच लागत होती... मग रडू आलं. लोकांना वाटलं, आता सुटलं रडू, बरं झालं.

सभा संपल्यावर मौद्याची एक तरुण बिडीवाली मला भेटायला आली. पाया पडू लागली, मी पडू दिलं नाही. म्हणाली, "तुम्हीच नं कौसल्याबाई? ताई तुमची लय आठवण काढत. म्हणत, माझ्या जावेसारखी बिडी वळा, छाटच निघत नाही." मी म्हटलं, "आणखी काय म्हणे?" ती म्हणाली, "अन् म्हणत, तिच्या कामाले हात लावायचा असला तं आधी तिले विचारा, नाही तं वीस वर्षं ऐकवते." शेवंता असं म्हणे आणि तिथल्या बायका खूप हसायच्या. म्हणजे मौद्यापर्यंत पोचलं होतं माझं भांडण, आणि तेही तिच्याच तोंडून, तिच्याच टाळ्या घेऊन! काय करावं या बाईला?

आता दीक्षेचा दिवस जवळ आला आहे. आमच्याकडे त्याआधी घरोघर चुना लागतो. आतल्या खोलीत शेवंता दौऱ्यावरून आली की भिंतीला डोकं टेकून बसायची, पाय लांब करून, आणि मी वळत असायची त्या सुपात हात घालून चार बिड्या वळू लागायची. तिचं खोबरेल तेल भिंतीला लागून लागून तिथं एक काळपट गोल डाग पडला आहे, बसल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. मी दर वर्षी त्यावरून बोलायची, की घर आम्ही पोतायचं आणि भिंत तू तेलकट करायची. परवा माझी सून रेखा चुन्याची बादली नि कुंचा घेऊन त्या खोलीत गेली. बिचारी कामाची आहे, चांगल्यासाठीच करत होती. कुंचा बुडवला, हात उचलला.

मी म्हटलं, "थांब."

"काहून आई?"

"मले विचारलं काय?"

कुंच्यातून चुना फरशीवर गळत होता. मग तिनं कुंचा बादलीत ठेवला आणि अगदी सरळ विचारलं, "आई, ही भिंत पोतू का?"

मी म्हटलं, "नाही."